बाळाला वरचं सुरू करताय? आधी ते वरणाचं पाणी बाजूला ठेवा

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचं तरी बाळ सहा महिन्यांचं होतं आणि मला वाटीचा फोटो येतो, "ताई, एवढं पातळ चालेल ना?" नाही चालणार. दोन पोरं वाढवलीत, पहिल्याच्या वेळी या सगळ्या चुका मीच केल्यात, म्हणून हक्कानं सांगतेय.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे वरणाचं पाणी. कुकर उघडला की वरचं पिवळं पाणी वाटीत काढायचं आणि "ताकद असते त्यात" म्हणत पाजायचं. अहो, ताकद खाली बसलीये, डाळीत! बाळाचं पोट ते केवढं, किलोमागे साधारण 30 मिली, म्हणजे सात किलोच्या बाळात एका वेळी 200 मिली मावलं तर मावलं, ते पाण्यानं भरलं की पुढे बाळ दूधही नीट पीत नाही.

माझ्या मोठ्याला मी दोन महिने हेच पाणी आणि भाताची पेज पाजली. पोरगं हसरं, शी नीट, त्यामुळे मी निवांत. आठव्या महिन्यात वजन केलं तर जेमतेम 200 ग्रॅम वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, उद्या त्याचा डबा घेऊन या. नेला. त्यांनी चमचा भरला, तिरका केला, सगळं माझ्या ओढणीवर. "हे पाणी झालं, जेवण कुठाय?" सासूबाई रिक्षात घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत आणि घरात शिरल्या शिरल्या माळ्यावरून पुरणयंत्र काढलं.

तेव्हापासून माझं ठरलेलं आहे. मुगाची मऊ खिचडी पुरणयंत्राच्या बारीक चाळणीतून काढायची, वर अर्धा चमचा तूप, आणि चमचा तिरका केला तरी घसरता कामा नये. सुरुवात दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा, आठव्या महिन्यापर्यंत हळूहळू अर्धी वाटी तीनदा. अंगावरचं दूध चालूच. मिक्सर नको. मिक्सरमधली पेस्ट इतकी गुळगुळीत होते की दहाव्या महिन्यात भाताचं एक शीत लागलं तरी पोरं ओकारी काढतात, मग "आमचा चावतच नाही हो" म्हणून माझ्याकडे यायचं.

दुसरं, नाचणीचं सत्त्व. मंडईतून नाचणी आणा, रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत वाळवा, मग दळा. चार दिवस लागतात, लागू देत. मोड आले की खीर तितकी घट्ट होत नाही, म्हणजे त्याच वाटीत पीठ जास्त मावतं, तीच तर सगळी गंमत आहे. पण आजकाल कुणाला दम नाही, तयार पाकीट फोडायचं, त्यावर साखर लिहिलीये का तेही वाचायचं नाही.

नुसत्या नाचणीवरही राहू नका. सहा महिन्यांनंतर बाळाकडचा लोहाचा साठा संपत येतो, तेव्हा डाळ, पालेभाजी आणि खात असाल तर नीट शिजवलेलं अंडं द्या (आमच्याकडे ते गॅलरीत, वेगळ्या पातेल्यात शिजायचं). वर लिंबाचे दोन थेंब पिळले की लोह अंगी लागतं.

बाकीचं पटापट. पाचव्या महिन्यात उष्टावण असेल तर मामाला खीर ओठाला लावू दे, वाटी संपवायला लावू नका. गुटीत मध एक वर्षापर्यंत अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम होतो, म्हणजे जिवाणूंच्या विषानं बाळाचं अंग लुळं पडतं, आजी रुसली तरी चालेल. मीठ-साखरही वर्षभर नको. गाईचं दूध खिरीत चालतं, अंगावरच्या दुधाऐवजी प्यायला वर्षाच्या आत नाही. नवीन पदार्थ एका वेळी एकच, दोन-तीन दिवस थांबा, नाहीतर पुरळ आलं की कशानं आलं ते कळायचं नाही. मोबाईल दाखवून भरवणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

आणि खाताना बाळ लाल होऊन खोकतंय, ओकारी काढतंय तर घाबरू नका, ते घास बाहेर ढकलतंय, तोंडात बोटं घालू नका. आवाजच निघत नसेल तर मात्र घशात अडकलंय, बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं खाली, खांद्यांच्या मध्ये पाच थापा, दुसऱ्या कुणाला तरी 108 लावायला सांगा. म्हणून दाण्याचं बारीक कूट खिचडीत घाला, पण अख्खा शेंगदाणा, फुटाणा पाच वर्षांपर्यंत हाताला लागेल असा ठेवू नका. आमच्याकडे तो डबा अजून फ्रिजच्या वर आहे.