गुरेत्स्कीची तिसरी सिंफनी पहिल्यांदा ऐकणार असाल तर

आधी नाव नीट करून घेऊ. स्पेलिंग बघून आपण गोरेकी म्हणतो, मीपण बरेच दिवस तेच म्हणायचो, पण पोलिशमध्ये डोक्यावर तिरपी रेघ असलेल्या ओचा उच्चार उ होतो आणि सी-के म्हणजे त्स्क, म्हणून हेन्रिक गुरेत्स्की. दक्षिण पोलंडच्या सायलेशिया भागातला संगीतकार, जन्म १९३३ चा, २०१० मध्ये कातोवित्से शहरात वारला.

आता मी केलेली चूक सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. मी ही सिंफनी पहिल्यांदा मोबाईलच्या स्पीकरवर लावली, दोन मिनिटं काहीच ऐकू येईना, वाटलं नेट गेलं, शेवटी वैतागून बंद केलं. झालेलं असं की सुरुवात फक्त डबल बेसवर आहे, म्हणजे ते माणसाएवढं मोठं व्हायोलिनसारखं दिसणारं वाद्य, आणि तेही एकदम खर्जात, एकदम हळू, फोनच्या स्पीकरला तो खर्ज झेपतच नाही. त्यामुळे हेडफोन हवेतच. आणि आवाज सुरुवातीला सेट करू नका, आधी दहाव्या-अकराव्या मिनिटावर जा, तिथं वाजतंय ते कानाला सोसेल इतकं ठेवा आणि मग परत शून्यावर या. नाहीतर सुरुवात ऐकू यावी म्हणून वाढवलेला आवाज पुढे कान फाडतो. तासभर मोकळा ठेवा, पूर्ण सिंफनी पन्नास-पंचावन्न मिनिटांची आहे आणि तुकडे करून ऐकण्यात काही अर्थ नाही.

तीन भाग आहेत आणि तिन्ही संथ. चौथा फास्ट भाग येईल म्हणून थांबू नका, तो नाहीच. तालवाद्यंही नाहीत, ट्रम्पेट नाही. विलंबित ख्यालाची सवय असेल तर तुम्हाला हे उलट सोपं जाईल, कारण पुढे काय होणार यापेक्षा आत्ता काय चाललंय तिकडे कान लावायची सवय असते आपल्याला.

पहिला भाग एकटाच २६-२७ मिनिटांचा आहे, त्यामुळे तो कसा ऐकायचा ते जरा सविस्तर सांगतो. डबल बेस एक २४ मापांची (माप म्हणजे बार, साधारण आपलं एक आवर्तन) चाल वाजवतात. ती संपली की ते परत तीच सुरू करतात आणि वर दुसरा गट तीच चाल पंचमावरून धरतो, मग तिसरा त्याच्या पंचमावरून, असं करत करत तंतुवाद्यांचे आठ पदर होतात. पहिल्या वेळी ती चाल मनात म्हणून बघा, साधी आहे, सूर आपल्या आसावरी थाटाच्या सुरांशी जुळतात (पण राग शोधत बसू नका, तसं काही नाहीये). एकदा चाल डोक्यात बसली की प्रत्येक नवा पदर कधी आला ते कळतं, आणि न कळताच तुम्ही त्या गर्दीत शिरलेले असता. मग तेराव्या मिनिटाच्या आसपास ती सगळी गर्दी एका सुरावर येऊन थांबते आणि त्या सुरावर गाणारी बाई, सोप्रानो, पहिल्यांदा तोंड उघडते. तिचं गाणं चार-एक मिनिटांचंच आहे. तिचा आवाज चढून संपतो त्याच क्षणी तंतुवाद्यं पुन्हा तुटून पडतात आणि आलेल्या वाटेनं उलट उतरत परत डबल बेसपर्यंत जातात.

शब्द आधी माहीत करून घ्या, हे मी अगदी आग्रहानं सांगेन. पहिल्या भागात पंधराव्या शतकातला एक विलाप आहे, येशूची आई मेरी आपल्या मरणाऱ्या मुलाला म्हणते की तुझ्या जखमा माझ्याबरोबर वाटून घे. दुसऱ्या भागातले शब्द पोलंडमधल्या झाकोपाने गावात गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कोठडीच्या भिंतीवर सापडले, १९४४ च्या सप्टेंबरमध्ये एका अठरा वर्षांच्या मुलीनं लिहिलेले: आई, रडू नकोस. पुढे स्वर्गाच्या राणीला, म्हणजे मेरीलाच, साकडं. एवढंच. शाप नाही, सूड नाही. तिसऱ्या भागात लोकगीत आहे, सायलेशियातल्या उठावात मारल्या गेलेल्या मुलाची आई विचारतेय की माझं पोर कुठं पडलंय, निदान सांगा तरी.

म्हणजे आई मुलाशी, मुलगी आईशी, परत आई मुलासाठी. लोक हिला सरसकट दुसऱ्या महायुद्धाची, छळछावण्यांची सिंफनी म्हणतात ते मला पटत नाही, तीन गाण्यांतलं एकच त्या युद्धातलं आहे. गुरेत्स्की स्वतः दोन वर्षांचा असताना त्याची आई वारली. तिचा पियानो घरात होता पण त्याला हात लावायची पोराला परवानगी नव्हती. चौथ्या वर्षी पडून खुबा निखळला, त्यातून टीबी, हॉस्पिटलात २० महिने. हे सगळं सुरांत जसंच्या तसं उतरलं असं मी म्हणणार नाही, पण कळल्यावर मला तरी ऐकताना विसरता येत नाही.

दुसरा भाग नऊ मिनिटांचा, लगेच आवडेल, इतका की बरेच जण तेवढाच ऐकतात. तिसऱ्यात दोन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ, पाळण्यासारखे इकडून तिकडे झुलत राहतात. पोलिश संगीतकार शोपँचा १७ क्रमांकाच्या संचातला चौथा माझुर्का (पोलिश नाचाच्या चालीवरचा पियानोचा तुकडा) आधी ऐकलात तर सुरुवातीला ओळखीचं काहीतरी सापडेल. शेवट मेजरमध्ये, म्हणजे आपल्या शुद्ध सुरांसारख्या सुरांत होतो, उजाडल्यासारखा.

आणि पहिल्याच झटक्यात नाही आवडली तर वाईट वाटून घेऊ नका, जगालाही वेळ लागला. लिहिली १९७६ मध्ये, पहिला प्रयोग १९७७ ला फ्रान्समध्ये रोयाँला, तिथल्या मॉडर्नवाल्यांनी नाकं मुरडली. १९९२ मध्ये सोप्रानो डॉन अपशॉ आणि वाद्यवृंद संचालक डेव्हिड झिनमनचं रेकॉर्डिंग आलं आणि ते ब्रिटनच्या पॉप अल्बमच्या यादीत सहाव्या नंबरपर्यंत गेलं, दहा लाखांच्या वर खपलं. सुरुवात त्याच रेकॉर्डिंगनं करा. पोर्टिसहेड या बँडच्या बेथ गिबन्सनं गायलेलंही आहे, आवाज शास्त्रीय नाही, नंतर ऐका.

नंतर काय? लगेच तसंच दुसरं शोधू नका कारण हा माणूस नुसता संथ नव्हता. दहा मिनिटांचे 'जुन्या शैलीतले तीन तुकडे' (१९६३) सोपे आहेत. मग 'मिझेरेरे', १९८१ मध्ये बिडगोश्चला पोलिसांनी सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेच्या लोकांना मारहाण केली त्यानंतर लिहिलेलं, नुसता कोरस, वाद्य एक नाही आणि अर्ध्या तासाहून जास्त वेळात फक्त पाच लॅटिन शब्द, त्यातले 'आमच्यावर दया कर' हे शेवटचे दोन अगदी अखेरीस येतात. प्रयोग व्हायला १९८७ उजाडलं. त्यानंतर मूड बदलायला १९८० चा हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखं दिसणारं जुनं वाद्य) कॉन्चेर्तो, नऊ मिनिटं नुसती धावपळ. आणि सगळ्यात शेवटी 'स्कोंत्री', १९६० चं, नावाचा अर्थच टकरा. हे मात्र रात्री घरात कोणी झोपलं असताना स्पीकरवर लावू नका.