जुन्या प्रोजेक्टरचा घुमा आवाज असा सुटला

सांगलीच्या गावभागातलं जुनं टॉकीज आम्ही गल्लीतली मंडळी विनापगार चालवतो. रंगरंगोटी झाली, खुर्च्या झाल्या. पण ३५ मिमीचं रीळ लावलं की संवाद घुमे. 'स', 'श' तर गायबच. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं मराठी नाटक उभं केलं, त्या गावात शब्द कळू नयेत हे मला सहनच होईना.

सगळ्यांनी स्पीकरवर खापर फोडलं. पण लॅपटॉप जोडला की तेच स्पीकर खणखणीत! म्हणजे दोष साउंड हेडमध्ये, प्रोजेक्टरच्या रिळावरचा आवाज वाचणाऱ्या भागात. तिथं एक्सायटर दिव्याच्या प्रकाशाची बारीक रेघ चित्राशेजारच्या ध्वनिपट्टीवर पडते, पलीकडचा फोटोसेल ती वाचतो. भिंगावर तेल साचलं की रेघ पसरते आणि वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात.

दिवा गार होऊ दिला. काडीला कापूस गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिंग हलक्या हातानं पुसलं. कापूस चहासारखा तांबडा निघाला. काळवंडलेला दिवाही बदलला, फिलामेंट बरोब्बर भिंगासमोर आणली. शेवटच्या रांगेतल्या आजींना आता कुजबुजही कळते. प्रोजेक्टरमधलं तेल गळू देणारं सील मात्र लगेच बदला, नाहीतर थोड्या दिवसांत पुन्हा तेच.