तोतरेपणा आणि दिव्यांग सवलती: काय मिळते, काय नाही, कसे मागावे

प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात खेपा घालण्याआधी कायदा काय म्हणतो ते पाहून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधल्या 21 प्रकारांत वाचा व भाषा दोष आहे. पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढणे, अफेझिया (मेंदूला इजा होऊन भाषा बिघडणे) अशा शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेल्या कायमच्या दोषाची आहे. त्यात तोतरेपणाचे नाव नाही. त्यामुळे लहानपणापासूनच्या तोतरेपणाला सवलतींसाठी लागणारे किमान 40 टक्के दिव्यांगत्व मिळेल, असे धरून चालू नका. पक्षाघातानंतर किंवा डोक्याला मार लागल्यावर बोलणे अडखळू लागले असेल, तर मात्र न्यूरॉलॉजिस्टचे कागद आणि स्कॅनचा अहवाल घेऊन स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज जरूर भरा. वैद्यकीय मंडळाचा निर्णय पटला नाही, तर 90 दिवसांत अपील करता येते.

आणि 40 टक्के मिळाले तरी हिशेब नीट करा. उच्च शिक्षणातल्या 5 टक्के राखीव जागांसाठी ते उपयोगी पडतात. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणात मात्र नुसता वाचादोष बसत नाही. रेल्वेची सवलतही ऐकू न येणे आणि बोलता न येणे हे दोन्ही एकाच व्यक्तीत असेल तरच आहे.

मग हाती काय उरते? बरेच काही. कायद्यातल्या ‘दिव्यांग व्यक्ती’च्या मूळ व्याख्येत टक्केवारीच नाही. दीर्घकाळचा दोष आणि समोरचे अडथळे मिळून इतरांच्या बरोबरीने सहभाग घेता येत नसेल, तर ती लागू होते. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी हाच फरक धरला आणि लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला 40 टक्क्यांची अट न लावता लेखनिक मंजूर केला. तोतरेपणासाठी तोंडी परीक्षेत किंवा मुलाखतीत सोय मागताना हा निकाल जोडावा. आमच्या मते प्रमाणपत्रापेक्षा हाच रस्ता धरण्यासारखा आहे.

पहिले काम अहवालाचे. आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी असलेल्या वाचा-भाषा तज्ज्ञाकडूनच तपासणी करून घ्या. अहवालावर त्यांचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि शिक्का हवा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा व श्रवण दोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. लहान मुलांसाठी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. गोम अशी, की तोतरेपणा रोज सारखा नसतो आणि तपासणीच्या दिवशी जीभ नेमकी सुरळीत चालते. म्हणून फोनवर बोलताना, वर्गात उत्तर देताना, अनोळखी माणसाशी बोलताना असे दोन-तीन व्हिडिओ आधीच काढून ठेवा. अहवालात नुसते ‘तोतरेपणा आहे’ एवढेच नको. किती अक्षरांवर अडते, सर्वांत लांब अडकणे किती सेकंदांचे, सोबत डोळे मिटणे किंवा मान झटकणे होते का, आणि कोणती सोय द्यावी, हे सगळे लिहून घ्या.

मग अर्ज. ‘योग्य ती सवलत मिळावी’ असे मोघम लिहिले की मोघमच उत्तर येते. नेमके मागा: तोंडी परीक्षेला जादा वेळ, अडलेले उत्तर लिहून किंवा टंकून देण्याची मुभा, ओघवतेपणावर गुण कापू नयेत, परीक्षकांना आधी कल्पना द्यावी, फोनवरच्या मुलाखतीऐवजी समोरासमोर घ्यावी. दहावीच्या भाषा विषयांना 20 गुण तोंडी व अंतर्गत परीक्षेचे असतात, तेव्हा मुख्याध्यापकांना अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच द्या. आदल्या दिवशी दिलेल्या अर्जाचा उपयोग होत नाही. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्या. तोंडी होकार परीक्षेच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

नकार आला तर तो लेखी मागा. सरकारी आस्थापनेत याच कायद्याच्या कलम 23 नुसार तक्रार निवारण अधिकारी असतो. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची असते. तिथे समाधान झाले नाही तर दिव्यांगांसाठीची जिल्हास्तरीय समिती, आणि राज्य आयुक्तांकडेही जाता येते. 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीला समान संधी धोरण ठेवावेच लागते. ते एचआरकडे मागा आणि अर्जात त्याचा हवाला द्या.

‘40 टक्के करून देतो’ म्हणणारे दलाल रुग्णालयाबाहेर भेटतात. असला कागद वापरून लाभ घेतला, किंवा घ्यायचा प्रयत्न जरी केला, तर कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि यात अडकतो तो अर्जदार.