विज्ञानाचे अतिथी व्याख्यान: सूचना शोधण्यापासून प्रश्न विचारण्यापर्यंत

विज्ञान शाखेतील अतिथी व्याख्यानाची सूचना बहुधा आठ-दहा दिवस आधी निघते. परंतु ज्या विद्यार्थ्याला तिचा खरा उपयोग असतो त्याच्यापर्यंत ती आदल्या रात्री, एखाद्या व्हॉट्सॲप गटावर पाचव्यांदा पुढे ढकललेल्या धूसर छायाचित्राच्या रूपाने येते. त्यामुळे सूचना येण्याची वाट न पाहता ती आपण होऊन शोधावी.

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, म्हणजे १९९० पासून आपण ज्याला ‘उमवि’ म्हणत आलो त्या विद्यापीठात, विज्ञानाचे विभाग ‘प्रशाळा’ म्हणून ओळखले जातात आणि व्याख्याने बहुतांशी प्रशाळांच्या पातळीवर ठरतात. म्हणून केवळ विद्यापीठाचे संकेतस्थळ पाहून थांबू नये. प्रशाळेचा फलक पाहावा किंवा तेथे संशोधन करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या विद्यार्थ्याला महिन्यातून एकदा विचारावे. काही तारखा तर आधीच ठाऊक असतात: २९ जूनचा सांख्यिकी दिन, २२ डिसेंबरचा गणित दिन आणि २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन. या तारखांच्या मागेपुढे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांतही व्याख्याने होतात. (गणित दिनी चाळीसगावकरांनी मागे राहण्याचे तर कारणच नाही, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने १२०७ च्या सुमारास मठ स्थापल्याची नोंद असलेला शिलालेख त्यांच्याच तालुक्यात, पाटण येथे सापडला.) देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून महाविद्यालयांत व्याख्यान-कार्यशाळा घेतात. त्यांतील वक्ते बहुधा अकादमीचे सदस्य असलेले शास्त्रज्ञ असतात, त्यामुळे अशी सूचना दिसल्यास ती सोडू नये.

सूचना हाती आली की तिच्यातील शब्द नीट वाचावेत. अतिथी व्याख्यान तास-सव्वा तासाचे असते आणि त्याला बहुधा नोंदणी लागत नाही. चर्चासत्र दिवसभराचे किंवा दोन दिवसांचे असते, त्याला नोंदणी आणि अनेकदा शुल्क असते, आणि त्यातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे बीजभाषण (मुख्य वक्त्याचे सुरुवातीचे भाषण). ते उद्घाटनानंतर लगेच असल्याने दीपप्रज्वलन व सत्कार चुकवून उशिरा येणाऱ्यांचे नेमके तेच हुकते. कार्यशाळेत हाताने काम करायचे असते आणि जागा मोजक्या असतात. सूचनेसोबत गोषवारा दिला असेल तर तो दोनदा वाचावा, त्यातील न कळलेले तीन शब्द वहीत लिहावेत आणि निदान त्या तीन शब्दांचे अर्थ पाहून मगच सभागृहात जावे. या तयारीला अर्धा तास पुरतो.

विषय आपल्या प्रशाळेचा नाही म्हणून व्याख्यान टाळणे ही माझ्या मते विद्यार्थ्यांची सर्वांत महागात पडणारी सवय आहे. समजा, धुळे-नंदुरबार भागातील डाइकांवर भूशास्त्राचे व्याख्यान आहे. साक्रीकडच्या मुलाने काळ्या दगडाच्या भिंतींसारख्या या लांब, अरुंद रांगा लहानपणापासून पाहिलेल्या असतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचे लाव्हाचे थर तयार होण्याच्या काळात, खालून आलेला शिलारस भेगांमध्ये शिरून तेथेच थिजला आणि पुढे भोवतालचा खडक झिजल्यावर हे कणे उघडे पडले. आता याच व्याख्यानात, खडक थंड होताना त्यातील चुंबकीय खनिजांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा कशी टिपून ठेवली हा भाग भौतिकशास्त्राचा असतो, आणि कोणत्या डाइकमधून कोणत्या थराला लाव्हा मिळाला हे अल्पांश मूलद्रव्यांच्या प्रमाणांवरून ताडून पाहणे हा भाग रसायनशास्त्राचा असतो. आपल्या विषयाची एखादी पद्धत दुसऱ्याच्या अंगणात कशी वापरली जाते, हे वर्गातील तासाला क्वचितच दिसते.

प्रवासाचे गणित आधी मांडावे. विद्यापीठ जळगाव शहराच्या पश्चिमेला, गिरणाकाठी महामार्गालगत आहे. त्यामुळे धुळे, पारोळा, एरंडोलकडून येणाऱ्याने शहरात जाऊन परत फिरण्याऐवजी एसटी विद्यापीठाशी थांबते का, हे वाहकाला आधीच विचारावे. शिवाय सूचनेत सभागृहाचे नाव नसेल तर ते निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे, कारण परिसर मोठा आहे आणि उन्हात एका प्रशाळेपासून दुसरीकडे चालणे सोपे नाही.

व्याख्यान चालू असताना प्रत्येक स्लाइडचा फोटो काढत बसू नये. वहीचे पान उभे दुभागावे, डावीकडे वक्त्याचे म्हणणे लिहावे आणि उजवीकडे आपल्या शंका. त्यांतील निम्म्या शंका पुढील दहा मिनिटांत आपोआप खोडल्या जातात. उरलेल्यांतून एक निवडावी. एका चर्चासत्रात मी उशिरा पोचलो आणि दुसऱ्याच स्लाइडवर दिलेली गोष्ट प्रश्न म्हणून विचारली. पारोळ्याला गाडी अडकली होती, हे तेथे सांगून काही उपयोग नव्हता.

प्रश्न लहान आणि नेमका असावा. केळीच्या खोडापासून काढलेल्या तंतूंवरील व्याख्यानानंतर ‘याचे भविष्य काय?’ असे विचारले तर उत्तरही तितकेच मोघम मिळते. त्याऐवजी ‘सर, तंतू स्वच्छ करायला वापरलेल्या अल्कलीच्या पाण्याचे पुढे काय केले?’ असे रावेर-यावलकडच्या विद्यार्थ्याने विचारले तर वक्त्याला थांबून विचार करावा लागतो. इंग्रजी अडत असेल तर प्रश्न सरळ मराठीत विचारावा, आणि वक्ता परप्रांतीय असल्यास सूत्रसंचालकांना भाषांतराची विनंती करावी. तसे करण्यात कमीपणा नाही.

चहाच्या वेळी वक्त्याभोवती सेल्फीची गर्दी ओसरली की आपले नाव, वर्ग आणि विचारलेला प्रश्न एवढेच सांगून ई-मेल पत्ता मागावा. दोन दिवसांच्या आत पाच-सहा ओळींचे पत्र पाठवावे, त्यात आपल्या प्रश्नाची आठवण द्यावी आणि वाचण्यासाठी एखादा शोधनिबंध सुचवण्याची विनंती करावी. उन्हाळी प्रकल्पासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळेल का, हा प्रश्न तो शोधनिबंध वाचून झाल्यावरच्या दुसऱ्या पत्रात विचारावा.