झोन खरा की आम्लाचा? चिंच, पानफुटी आणि सदाफुलीच्या अर्काची जंतुरोधक चाचणी

चिंच मुळात आफ्रिकेची, हे पटकन पटत नाही. शास्त्रीय नावातच ‘इंडिका’ आहे आणि इंग्रजी नाव अरबीतल्या ‘तमर हिंदी’वरून, म्हणजे हिंदुस्थानी खजुरावरून आलेलं. तरी झाड उष्णकटिबंधीय आफ्रिकेतलंच. पानफुटी आणि सदाफुली तर मादागास्करच्या. त्यामुळे सातारा-सांगलीत बसून आफ्रिकी औषधी वनस्पतींवर प्रोजेक्ट करायला वॉरबर्गियाची साल किंवा क्रिप्टोलेपिसचं मूळ परदेशातून मागवायची गरज नाही. कामाची झाडं बांधावर आणि अंगणात आहेत.

या तिन्हींच्या अर्काला जंतूंच्या प्लेटवर झोन, म्हणजे अर्काभोवती जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ, मिळवणं अवघड नाही. तो झोन झाडातल्या औषधी घटकाचा आहे की आम्लाचा, तांब्याचा, सॉल्व्हंटचा (अर्क ज्या द्रवात काढला किंवा विरघळवला त्याचा), हे ठरवणं अवघड आहे. बरेच प्रोजेक्ट तिथेच फसतात.

पान कुठलं आणि कधी तोडायचं

तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस भागात द्राक्षबागेच्या कडेची सदाफुली किंवा चिंचेचा पाला घेऊ नका. ऑक्टोबर छाटणीनंतर दावण्या रोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, फवारतात. त्यातलं मोरचूद वाऱ्याने शेजारच्या झाडांवर बसतं आणि तांबं स्वतःच जंतू मारतं. पान धुतलं की झालं, असंही नाही. बोर्डोतल्या चुन्यामुळे तांबं पानाला धरून राहतं, पावसानेही लगेच धुऊन जात नाही. बागेपासून लांबचं, शक्यतो घराच्या परसातलं झाड निवडा आणि फवारणी झाली नसल्याचं मालकाला विचारून वहीत लिहा.

पानफुटीच्या बाबतीत तोडायची वेळ महत्त्वाची. ही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा वापरते. बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१५ मध्ये भारतातल्या पानफुटीबद्दल हेच नोंदवलं होतं: पान सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडसर. सकाळी सातला तोडलेल्या पानाचा रस आणि दुपारी चारला तोडलेल्या पानाचा रस प्लेटवर वेगळे वागले तर त्यात नवल नाही. दुपारी तीन ते पाचमध्ये तोडा आणि वेळ लिहून ठेवा.

प्रत्येक झाडाची फुलासह एक फांदी दाबून वाळवा आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या हर्बेरियममधून (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातून) ओळख पक्की करून घ्या. सदाफुलीत चूक होत नाही, पण पानफुटीच्या नावाखाली कॅलँकोए या प्रजातीतल्या तीन-चार जाती सर्रास खपतात.

वाळवण आणि अर्क

पानं वाहत्या पाण्याखाली, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन सावलीत पसरा. बेदाण्याच्या शेडसारखी हवा खेळती हवी, पण खुद्द बेदाण्याचे रॅक मागून आणू नका. गंधकाची धुरी दिलेल्या जाळीवर वाळवलेला पाला चाचणीच्या कामाचा राहत नाही. सांगलीत मार्च-एप्रिलमध्ये सदाफुलीची पानं चार-पाच दिवसांत कुरकुरीत होतात. साताऱ्याच्या पश्चिमेला, महाबळेश्वर-कोयनेकडे, पावसाळ्यात ती बुरशीच धरतील. तिथे ४० अंशांच्या ओव्हनला पर्याय नाही. पानफुटी मांसल असल्यामुळे तिचे पातळ काप करा, नाहीतर ती वाळायच्या ऐवजी कडेने नवी रोपं काढत बसते.

वाळलेला पाला मिक्सरमध्ये थांबून-थांबून दळा. भांडं तापू देऊ नका. १० ग्रॅम भुकटीला ७० टक्के इथेनॉल १०० मिली, झाकणबंद फ्लास्कमध्ये, अधूनमधून हलवत ४८ तास. आधी मलमल, मग व्हॉटमन नंबर १ कागदातून गाळा. रोटरी इव्हॅपोरेटर ४० अंशांवर चालवा. तो नसेल तर वजन केलेल्या बशीत, वॉटर बाथवर, ५० अंशांच्या आत आटवा. इथेनॉल उघड्या ज्योतीवर कधीही नाही. वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. ओलसर अर्कात उरलेलं इथेनॉलच जंतू मारतं आणि श्रेय झाडाला जातं.

हा अर्क डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात) दर मिलीला १०० मिग्रॅ असा विरघळवा. हाच स्टॉक.

आत काय आहे

अल्कलॉइडसाठी अर्क २ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळून गाळा, मगच मेयर अभिकर्मकाचे थेंब टाका. मलईसारखा साका बसला की चाचणी होकारार्थी. आम्लाची पायरी टाळली तर अल्कलॉइड पाण्यात उतरतच नाही आणि सदाफुलीसारख्या अल्कलॉइडने भरलेल्या झाडालाही ‘नाही’ असं उत्तर येतं. तिच्या मुळात अजमॅलिसिन असतं. पानांत विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन असतात, अगदी अल्प. ही दोन्ही कर्करोगावरची औषधं पेशीविभाजन थांबवतात, तेव्हा सदाफुलीची भुकटी हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला. प्रथिनांमुळेही मेयरला साका येतो, म्हणून ड्रॅगेनडॉर्फ या दुसऱ्या अभिकर्मकाने खात्री करा. त्याचा साका नारिंगी असतो. मेयरमध्ये पारा आहे. ते द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा.

टॅनिनला फेरिक क्लोराइड लावा. निळा-काळा रंग आला तर जलविच्छेद्य प्रकार, हिरवट आला तर संघनित. फ्लेव्होनॉइडला मॅग्नेशियमची फीत आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, रंग गुलाबी-लाल. पण पाल्याच्या हिरव्यागार अर्कात तो गुलाबी दिसणार कसा? आधी हेक्झेनने दोनदा धुऊन हरितद्रव्य काढा. सॅपोनिनसाठी नळी जोरात हलवा, फेस दहा मिनिटं टिकला पाहिजे. पानफुटीत ब्युफाडायनोलाइड गटाचे, हृदयावर परिणाम करणारे घटक आहेत. जनावरांना त्यांची विषबाधा होते. प्रयोगशाळेत ‘चव घेऊन बघू’ ही सवय इथे नको.

प्लेट

हे काम महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतच, मार्गदर्शकासमोर. स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २५९२३ आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हे प्रमाण वाण घ्या. ते नसतील तर त्यांचे समकक्ष वाण पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) एनसीआयएम संग्रहातून किंवा चंदीगडच्या एमटीसीसी संग्रहाकडून मिळवा. दवाखान्यातून आणलेला अनोळखी जंतू नको.

म्युलर-हिंटन अगार (जंतू वाढवायचं घट्ट माध्यम) लिटरला ३८ ग्रॅम, १२१ अंशांवर १५ मिनिटं. ९० मिमीच्या प्लेटमध्ये २५ मिली ओता म्हणजे थर ४ मिमीचा होतो. थर पातळ झाला तर झोन फुगतो, जाड झाला तर आक्रसतो. मॅकफरलंड ०.५ हे गढूळपणाचं प्रमाण तिथेच बनवता येतं: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिली आणि १ टक्का गंधकाम्ल ९.९५ मिली. जंतूंचं सलाइनमधलं द्रावण तेवढंच गढूळ झालं की दर मिलीला सुमारे १५ कोटी पेशी असतात. पंधरा मिनिटांच्या आत स्वॅबने तीन दिशांनी फासा.

६ मिमीच्या बोअररने जास्तीत जास्त पाच खड्डे पाडा. प्रत्येकाच्या तळाशी वितळलेल्या अगारचा एक थेंब सोडा, नाहीतर अर्क अगारखाली सरकतो आणि झोनला वेडीवाकडी शेपटी येते. प्रत्येकी ५० मायक्रोलिटर अर्क. एका खड्ड्यात नुसतं डीएमएसओ. शेजारी जेंटामायसिन या प्रतिजैविकाची १० मायक्रोग्रॅमची चकती. ३५ अंशांवर १६ ते १८ तास ठेवा. जेंटामायसिनचा झोन स्टॅफसाठी १९ ते २७ मिमी आणि ई. कोलायसाठी १९ ते २६ मिमी यांत बसला नाही, तर त्या दिवसाची सगळी मापं बाद. मन घट्ट करून बाद करा.

आता आम्ल. चिंचेच्या गरात टार्टारिक आम्ल ठासून भरलेलं असतं, अगारचा पीएच मात्र ७.२ ते ७.४. गराचा अर्क टाकला की भोवतीचा अगार आंबट होतो आणि जंतू तेवढ्यानेच वाढत नाहीत. म्हणून स्टॉकसाठी विरघळवण्याआधी अर्काचा थोडा भाग पाण्यात घेऊन पीएच मोजा. ५ पेक्षा कमी आला तर तीन खड्डे भरा: मूळ पाण्यातला अर्क, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने ७ वर आणलेला तोच अर्क, आणि मूळ अर्काच्या पीएचचं नुसतं टार्टारिक आम्लाचं द्रावण. पहिल्याला आणि तिसऱ्याला झोन, दुसऱ्याला काहीच नाही, असं दिसलं तर तुम्ही आम्लच मोजलंत. पानफुटीसाठी हीच तिकडी मॅलिक आम्ल घेऊन करा.

झोनच्या मिलिमीटरवरून दोन झाडांची तुलना मात्र करू नका. मोठे टॅनिन रेणू आणि तेलकट घटक अगारमध्ये पसरतच नाहीत. झोन लहान म्हणजे अर्क दुबळा, असं त्यामुळे म्हणता येत नाही.

एमआयसी

तुलना करायची तर एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं अर्काचं सर्वांत कमी प्रमाण, मोजायला ९६ खड्ड्यांची प्लेट हवी. प्रिटोरिया विद्यापीठाच्या कोबुस एलॉफ यांनी १९९८ मध्ये वनस्पती-अर्कांसाठी हीच पद्धत रंगद्रव्य वापरून मांडली. स्टॉक ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या द्रव माध्यमात) ५० पट पातळ करा: २ मिग्रॅ प्रतिमिली, डीएमएसओ २ टक्के. पहिल्या खड्ड्यात २०० मायक्रोलिटर, दोन ते आठमध्ये १०० मायक्रोलिटर ब्रॉथ. १०० पुढे नेत मिसळत जा, आठव्यातून १०० टाकून द्या. मॅकफरलंड द्रावण १५० पट पातळ करून प्रत्येकात १०० टाका. पहिल्या खड्ड्यात आता अर्क १ मिग्रॅ, डीएमएसओ १ टक्का, जंतू मिलीला ५ लाख. नववा खड्डा डीएमएसओ आणि जंतू, दहावा नुसते जंतू, अकरावा अर्क बिनजंतूंचा, बारावा नुसता ब्रॉथ.

१८ तासांनी ०.०१५ टक्के रेझाझुरिन हे रंगद्रव्य ३० मायक्रोलिटर टाकून दोन-तीन तास थांबा. निळा राहिला तर वाढ नाही, गुलाबी झाला तर वाढ आहे. अकराव्या खड्ड्याकडे आधी बघा. टॅनिन आणि क जीवनसत्त्व रेझाझुरिनला जंतूंशिवायही गुलाबी करतात. तो खड्डा गुलाबी असेल तर रंगावर विसंबू नका. प्रत्येक खड्ड्यातला एक थेंब ताज्या अगारवर टेकवून दुसऱ्या दिवशी वाढ बघा.

अर्काची एमआयसी ०.१ मिग्रॅच्या खाली आली तर पुढे घटक वेगळे करण्यात अर्थ आहे. १ मिग्रॅलाही जंतू वाढत असतील तर स्टॉक कमी पट पातळ करून प्रयत्न करू नका, तिथे डीएमएसओचाच परिणाम मोजाल. स्टॅफवर काम झालं आणि ई. कोलायवर नाही, असं वारंवार दिसेल. ई. कोलायला बाहेरचं आवरण आणि आत आलेलं बाहेर फेकणारे पंप असतात, त्यामुळे ती चूक समजून खोडू नका. तीन स्वतंत्र दिवशी, दर वेळी तीन-तीन खड्डे घेऊन चाचणी करा. वापरलेल्या सगळ्या प्लेट्स धुण्याआधी पुन्हा १२१ अंशांवर, या वेळी ३० मिनिटं.