शाळेत वाचन उपक्रम घेताय? या चुका टाळा

१५ ऑक्टोबर जवळ आला की आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या, नव्या शिक्षकांचे फोन सुरू होतात. "सर, वाचन प्रेरणा दिनाला काय घ्यायचं?" डॉ. कलामांच्या जयंतीला हा दिवस २०१५ पासून होतोय. २०२२ मध्ये शंभर दिवसांचं वाचन अभियान आलं, मग महावाचन उत्सव आला. उपक्रम चांगलेच आहेत. शाळेत पोचल्यावर आपण त्यांची जी गत करतो, ती बघवत नाही.

पहिली चूक कुलपाची. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. पुस्तकं येतात, साठा नोंदवहीत चढतात आणि कपाटात जातात. तपासणीत एखादं कमी भरलं तर भरून कोण देणार, ही भीती.

मीही हेच केलंय. बीड जिल्ह्यात एका शाळेवर होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिथली निम्मी घरं ऊसतोडीला निघायची. निघायच्या आदल्या दिवशी चौथीतली एक मुलगी आली. "सर, ती माकडाची गोष्ट फडावर नेऊ का?" मी नको म्हणालो. सरकारी पुस्तक, हरवलं तर? ती मुकाट्यानं गेली. एप्रिलात परत आली तेव्हा जोडाक्षरापाशी अडत होती. जाताना सरसर वाचायची. त्याच उन्हाळ्यात कपाट उघडलं, तर खालच्या दोन्ही कप्प्यांत वाळवी. माकडाच्या गोष्टीचा वरचा पुठ्ठा तेवढा शिल्लक होता. ते आजही मला लागतं.

तेव्हापासून किल्ली ठेवत नाही. वर्गात सुतळी बांधतो, मुलांच्या छातीच्या उंचीवर, आणि पुस्तकं तिच्यावर टांगतो. देवघेवीची वही चौथीची मुलं सांभाळतात. फडावर जाणाऱ्या प्रत्येकाला प्लास्टिकच्या पिशवीत दोन पातळ पुस्तकं आणि 'किशोर' मासिकाचा एक जुना अंक. काही परत येत नाहीत. हरवल्या-फाटल्याची यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवतो, इतिवृत्तात घेतो आणि तपासणीला तोच कागद पुढे करतो.

दुसरी चूक सारांशाची. पोरानं पुस्तक मिटलं की लगेच "दहा ओळी लिहून आण". असं केलं की मुलं सगळ्यात पातळ पुस्तक उचलतात आणि मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून आणतात. फाइलला पुरावा मिळतो, पोरगं पुस्तकापासून तुटतं. मी लिहून घेत नाही. परिपाठानंतर दहा मिनिटं स्वतः मोठ्यानं वाचतो आणि गोष्ट रंगात आली की थांबतो. पुढचं काय झालं ते बघायला मुलं मधल्या सुट्टीत सुतळीपाशी जातात.

निपुण भारत या सरकारी अभियानाचं तिसरीच्या वाचनाचं उद्दिष्ट आहे मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून. मोबाइलवर वेळ लावणारे "समजून" विसरतात.

बंजारा तांड्यावरच्या शाळेत पहिलीच्या पोराला छापील मराठी देऊन "वाच" म्हणू नका. घरी तो गोरमाटी बोलतो. आधी मोठ्या वर्गातल्या एखाद्या मुलीला ती गोष्ट गोरमाटीत सांगू द्या, मग पुस्तक हातात द्या. घाई करणारे नेमकी हीच पायरी गाळतात.

इयत्ता बघून पुस्तक देऊ नका. सहावीतला मुलगा अडखळत असेल तर पानाला दोन ओळींचं चित्रांचं पुस्तक द्या, आणि सगळ्यांसमोर त्यावर बोलू नका.

फोटो एक पुरे.

आणि पंधरा दिवसांत "सर, काही फरक नाही, एखादं ॲप सांगा" म्हणून फोन करू नका. आत्ताच्या शाळेत पहिले दोन महिने मुलं नुसती चित्रं बघून पुस्तकं परत टांगायची. मी टोकलं नाही. तिसऱ्या महिन्यात दुसरीतला एक जण धाकट्या भावाला पायरीवर बसवून वाचून दाखवत होता, अक्षरावर बोट ठेवून. अडलं की चित्र बघायचा आणि पुढे जायचा.

यंदा दिवाळीआधी कोणती घरं निघणार, ते आत्ताच विचारून ठेवा. पिशव्या भरायला वेळ लागतो.