टेकडीवरच्या रस्त्याचा वाद आणि अर्थाची कसोटी

बालभारती ते पौड फाटा या वेताळ टेकडीवरून आखलेल्या रस्त्याचा विषय पुण्यात निघाला, की एका बाजूने ‘विकास’ आणि दुसऱ्या बाजूने ‘पर्यावरण’ असे शब्द पुढे येतात आणि चर्चा तिथेच अडून बसते. अशा वेळी फलप्रामाण्यवादी, म्हणजे विचाराची पारख त्याच्या परिणामांवरून करणाऱ्या, तत्त्वज्ञांनी दिलेली अर्थाची कसोटी फार उपयोगी पडते. अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी ती १८७८ साली मांडली: एखाद्या कल्पनेपासून व्यवहारात कोणते परिणाम अपेक्षित आहेत, ते सांगता आले म्हणजे तिचा अर्थ कळला. हिरा कठीण आहे याचा अर्थ इतकाच, की बहुतेक वस्तूंनी त्यावर ओरखडा उठणार नाही.

प्रथम आपल्या बाजूचे सर्वांत जोरदार विधान कागदावर लिहावे. समजा, ‘हा रस्ता झाला की लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी सुटेल’ असे ते आहे. आता त्याखाली लिहावे, की हे खरे असेल तर नळ स्टॉपपासून सेनापती बापट रस्त्यापर्यंत जायला संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत किती मिनिटे लागतील. आणि हे पहिल्या वर्षापुरते, की पाच वर्षांनीही? हा शेवटचा प्रश्न टाळू नये, कारण नवा रस्ता पुष्कळदा नवी वाहनेही ओढून आणतो. विरोधकांनीही हेच करावे. ‘टेकडी नष्ट होईल’ हे पुरेसे नाही. किती झाडे जातील, पावसाचे पाणी कुठे मुरायचे थांबेल, पायथ्याच्या कूपनलिकांची पातळी किती खाली जाईल, हे लिहावे.

मग दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. जिथे अपेक्षित परिणाम सारखेच निघतात, तिथला वाद शाब्दिक समजून सोडून द्यावा. जिथे ते वेगळे निघतात, तिथे काय मोजायचे, कोणी आणि केव्हा, हे दोघांनी मिळून आधीच ठरवावे. आकडे हाती आल्यावर निकष ठरवणे म्हणजे निकष न ठरवण्यासारखेच आहे.

इथे एक गैरसमज दूर ठेवायला हवा. ‘मला फायद्याचे ते खरे’ असा या कसोटीचा अर्थ नाही. आपल्या विचाराचे असे सैल अर्थ लावले जाऊ लागले, तेव्हा पर्स यांनी १९०५ साली त्याला मुद्दाम वेगळे नावच दिले.

एवढे करूनही काही मतभेद उरतातच. दहा मिनिटे वाचणे मोलाचे, की सकाळी टेकडीवर मोर दिसणे, हे मोजमाप ठरवू शकत नाही. इथे याच विचारधारेतले आणि कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांचे शिक्षक असलेले जॉन ड्युई मदतीला येतात. जोडा कुठे चावतो हे घालणाऱ्यालाच ठाऊक, दुरुस्ती मात्र कारागीर जाणतो, असे त्यांनी १९२७ साली लिहिले. म्हणून उरलेल्या प्रश्नापुढे परिणाम भोगणाऱ्यांची यादी करावी: कोंडीत अडकणारा रिक्षाचालक, पायथ्याच्या वस्तीतले रहिवासी, टेकडीवर रोज चालायला जाणारे ज्येष्ठ नागरिक. यांतल्या ज्या कोणाशी आपण अजून बोललेलो नाही, त्याच्याकडे आधी जावे आणि त्याने सांगितलेला परिणाम, तो आपल्या बाजूला गैरसोयीचा असला तरी, कागदावर त्याच्याच शब्दांत उतरवावा.